पाचवा फर्मा

"आधी वाचा, मग हात वर करा," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी चार पुस्तकं टेबलावर ठेवली.

चर्चच्या मागच्या खोलीतलं टेबल. रविवारची उपासना नुकतीच संपली होती. टेबलाभोवती मंडळीची कमिटी, म्हणजे आम्ही चौघं. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले शालमोन रणनवरे. मिशन छापखान्याचे मॅनेजर प्रभाकर ओहोळ. मिशन दवाखान्याच्या मेट्रन तोरणेबाई. आणि सेक्रेटरी मी, अनुग्रह पारधे, वय चौतीस, गावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारा. मला सेक्रेटरी केलं होतं ते माझ्या अक्षरामुळे. मताचा विचार झाला नसावा. गावाचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे.

"पुस्तक कशाला?" रणनवरे म्हणाले. "नियमावली आहे की."

"नियमावली आपल्याला पाठ आहे, रणनवरेदादा. म्हणूनच म्हणतो." पाळकसाहेबांनी एक प्रत त्यांच्याकडे सरकवली. "‘एका मेजाभोवती’ नाव. आपल्या एका जुन्या मिशनरी बाईंनी लिहिलेलं, मंडळी म्हणजे काय, एकत्र राहायचं म्हणजे काय, ह्यावर. ओहोळांनी आत्ताच पुन्हा छापलंय. रोज संध्याकाळी एक तास काढायचा. सात ते आठ. ईस्टरच्या आदल्या दिवशी बसू आणि राहेलबाईंचं ठरवू."

"म्हणजे सहा आठवडे," तोरणेबाई म्हणाल्या.

"ईस्टरआधीचा लेंटच आहे, बाई. कोणी उपास करतं, कोणी गोड सोडतं. आपण वाचू."

पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड देवदान उजागरे, सज्जन गृहस्थ होते. त्यांना पुस्तकांची भीती वाटत नसे, निर्णयाची वाटे. सहा आठवडे मिळाल्यावर त्यांचा चेहरा दाढ काढायची तारीख पुढे गेल्यासारखा झाला.

राहेलबाईंचं प्रकरण असं होतं. राहेलबाई भिंगारदिवे छापखान्यात बाइंडर. पंचवीस वर्षं नोकरी, नवरा जाऊन पंधरा. त्यांच्या मुलीने, सुचेताने, आदल्या वर्षी ती शिकवायची त्या शाळेतल्या एका मास्तराशी लग्न केलं. मास्तर मराठा. लग्न चर्चमध्ये झालं नाही, मांडवातही झालं नाही, तालुक्याच्या कचेरीत नोंदणीने झालं, आणि साक्षीदार म्हणून सही केली राहेलबाईंनी. कमिटीने त्यांना बोलावून सांगितलं की दिलगिरी व्यक्त करा. त्या म्हणाल्या, "सही माझीच आहे. स्वच्छ केलीय. वाचता येत नसेल तर पुन्हा करून दाखवते." त्यावर कमिटीने एकमताने त्यांना शिस्तीखाली ठेवलं. एकमतात माझाही हात होता. का, ते आठवत नाही. बहुधा बाकीचे तीन वर होते म्हणून.

शिस्तीखाली म्हणजे प्रभुभोजन बंद. भाकर नाही, द्राक्षारसाचा प्याला नाही, आणि बसायचं ते शेवटच्या बाकावर. हा बाक घंटेच्या दोराला आणि खांबाला चुकवून बसवलेला, त्यामुळे इतरांपेक्षा आखूड. त्यावर चौघं मावतात, पाचवा मावत नाही. कधीकाळी तिथे गर्दी असे म्हणतात. माझ्या वेळी वर्षभर राहेलबाई एकट्याच होत्या. एकट्या म्हणजे त्यांची आई सोनाबाईही होतीच. सोनाबाई सत्त्याऐंशीची. तिच्यावर कोणतीही शिस्त नव्हती. पण लेक मागे बसली त्या रविवारी म्हातारीही मागे बसली आणि प्रभुभोजनाला उठलीच नाही. पाळकसाहेब स्वतः मागे जाऊन म्हणाले, "आजी, तुम्ही या पुढे." म्हातारी म्हणाली, "माझा हात धरनारी हितं हाये. म्या कुनाच्या हातानं येऊ?"

वर्ष झालं. आता राहेलबाईंनी अर्ज दिला होता. चार ओळींचा. आई थकली आहे. ह्या ईस्टरला तिला प्रभुभोजनाच्या मेजावर जायचं आहे. पुढचा ईस्टर गाठेन असं ती धरत नाही. तरी विचार व्हावा.

"दिलगिरीचा शब्द नाही ह्यात," अर्ज ऐकून रणनवरे म्हणाले.

"नाही खरा," मी म्हणालो आणि नोंद केली.

"आणि प्रकरण चालू आहे तोवर नियम चौदा," रणनवरे म्हणाले. "अर्जदाराने कमिटीच्या माणसांना खासगीत भेटायचं नाही, बोलायचं नाही. ओहोळ, तुमच्या प्रेसमध्ये आहेत त्या. सांभाळा."

"कामापुरतं बोलावं लागेल," ओहोळ म्हणाले.

"कामापुरतं बोला."

आम्ही चौघं एकेक पुस्तक काखेत मारून घरी गेलो.

संध्याकाळी सात ते आठ हा वेळ काढणं म्हणजे काय, हे घरात बायको आणि दोन मुलं असलेल्या माणसाला सांगायला नको. पण मी काढला. दीनाला, म्हणजे बायकोला, सांगितलं की हे मंडळीचं काम आहे. तिने मुलांना शेजारी पाठवलं, रेडिओ बंद केला, चहाचा कप टेबलावर ठेवला आणि दार लोटून घेतलं. शेजारच्या गोरडेबाई साखर मागायला आल्या तेव्हा तिने त्यांना ओट्यावरच थोपवलं. "हळू बोला. हे वाचतायत." माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. इतक्या आदराने ती माझ्याविषयी आधी कधी बोलली नव्हती.

पहिल्या संध्याकाळी मी प्रस्तावना वाचली. दुसऱ्या संध्याकाळी पहिली बारा पानं वाचली. तिसऱ्या संध्याकाळी तीच बारा पानं पुन्हा वाचली, कारण आदल्या दिवशी काय वाचलं ते आठवेना. पुस्तक वाईट नव्हतं. ह्या बाईंची वाक्यं लांब होती, आणि दर वाक्याच्या शेवटी त्या आपल्याकडे प्रेमाने बघतायत असं वाटे. ते मला सहन होत नसे. चौथ्या संध्याकाळी मी पुस्तक उघडं ठेवून त्याच्या आत कॉलेजचे पेपर तपासले. दुसऱ्या आठवड्यापासून झोपलो. बसून, हाताच्या मुठीवर कपाळ टेकून. मागून बघणाऱ्याला हा माणूस चिंतनात आहे असं वाटावं, अशा बेताने.

माझ्या खिडकीतून समोर रणनवऱ्यांची खिडकी दिसे. बरोबर सातला तिथे दिवा लागे. रणनवरे ताठ बसत, पुस्तक समोर उभं धरत आणि आठच्या ठोक्याला मिटत. मध्ये कधी हलत नसत. मी जागा असलो की मला त्यांचा राग येई.

बाकीच्यांचंही कळे. मिशन कंपाउंडमध्ये सगळ्यांचं सगळ्यांना कळतं. तोरणेबाईंचं पुस्तक दवाखान्यात ड्यूटीच्या टेबलावर असे आणि त्यात खूण म्हणून थर्मामीटर घातलेलं असे. ओहोळांनी आपल्या प्रतीला खाकी कव्हर घातलं होतं आणि वर लेबल लावलं होतं. आम्ही भेटलो की एकमेकांना विचारत असू, "कुठवर आलं?" आणि उत्तर एकच असे, "सावकाश वाचण्यासारखं आहे."

तिसऱ्या आठवड्यात एकदा दीना म्हणाली, "अहो, कोंबड्यांना रात्री तासभर दिवा लावून ठेवला तर जास्त अंडी देतात?"

आमच्या मागच्या अंगणात सहा कोंबड्या होत्या. त्या तिच्या खात्यात येत.

"कोण म्हणतं?"

"तुमच्या पुस्तकात आहे. तुम्ही काल चिंतन करत होतात तेव्हा हाताखालून काढून घेतलं."

मी अजून त्या पानांपर्यंत पोचलो नव्हतो. पोचणारही नव्हतो. पण बायकोपुढे राज्यशास्त्राच्या माणसाने गप्प बसणं बरं दिसत नाही. "दृष्टान्त असतो तो," मी म्हणालो. "दिवा म्हणजे प्रकाश. कोंबड्या म्हणजे आपण. असली पुस्तकं शब्दशः घ्यायची नसतात."

"आणि खुराड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवायचा तो?"

"तोही दृष्टान्तच."

दुसऱ्या दिवसापासून खुराड्यात संध्याकाळी कंदील लागला. पाचव्या आठवड्यात अंडी दुप्पट झाली. "मी शब्दशः घेतलं," ती म्हणाली. एका पुस्तकाने कोणाच्या आयुष्यात इतका फरक पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. तरीही ते उघडून बघावं असं मला वाटलं नाही.

पहिल्याच आठवड्यात राहेलबाई मला चर्चच्या फाटकाशी दिसल्या होत्या. आईला घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सलाम, सर. त्या पुस्तकात..."

"बाई, नियम चौदा," मी म्हणालो. अगदी सौम्यपणे म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या आणि आईचा हात धरून पुढे गेल्या. सोनाबाईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कोन हाय गं?" तिने विचारलं. "कमिटी," राहेलबाई म्हणाल्या.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सहाला, आम्ही पुन्हा त्या खोलीत बसलो. चार पुस्तकं टेबलावर. चारही नवीकोरी दिसत होती. आम्ही ती किती जपून हाताळली हे कोणाच्याही लक्षात यावं. राहेलबाई बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"तर," पाळकसाहेब म्हणाले, "प्रत्येकाने आधी सांगावं. पुस्तक पूर्ण वाचलं का, आणि काय वाटलं. सेक्रेटरी, नोंद घ्या."

"पूर्ण वाचलं," ओहोळ म्हणाले. "दोनदा. प्रुफाच्या वेळी आणि आता. भाषा सोपी, विचार खोल."

मी लिहिलं.

"पूर्ण वाचलं," तोरणेबाई म्हणाल्या. "दवाखान्यात वेळ कसा मिळतो तुम्हाला माहीत आहे. तरी वाचलं. मला शेवट आवडला."

मी लिहिलं.

"वाचलं," रणनवरे म्हणाले. "मत नंतर सांगेन."

मी लिहिलं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी गप्प बसायला हवं होतं. 'वाचलं' म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण मी प्राध्यापक माणूस. "पूर्ण वाचलं," मी म्हणालो, "आणि मला विशेषतः तो कोंबड्यांचा दृष्टान्त फार भावला."

ओहोळांनी तोरणेबाईंकडे बघितलं.

"हो, हो," ओहोळ म्हणाले. "कोंबड्यांचा. फार मार्मिक."

"तो कंदिलाचा ना?" मी त्यांना आधार दिला.

"तोच."

"आम्ही नर्सेसच्या प्रार्थनेतसुद्धा घेतला तो," तोरणेबाई म्हणाल्या.

पाळकसाहेब मान डोलवू लागले. "कोंबडी आणि पिल्लं. आपल्याला ही प्रतिमा जवळचीच आहे. पंखाखाली घेणं..."

"शिंपल्यांचा चुरासुद्धा," मी म्हणालो. आता मला थांबता येत नव्हतं.

"शिंपल्यांचा चुरा," ओहोळ डोळे मिटून म्हणाले.

रणनवरे तसेच ताठ बसून होते. त्यांचे डोळे टेबलावर होते.

"छान," पाळकसाहेब म्हणाले. "आता राहेलबाईंना आत घेऊ."

राहेलबाई आत आल्या. पंचावन्नच्या असतील. हाताच्या बोटांना खळीचा पांढरा थर कायमचा, कितीही धुतला तरी न जाणारा. त्यांनी सगळ्यांना सलाम केला आणि उभ्याच राहिल्या.

"राहेलबाई," पाळकसाहेब म्हणाले, "कमिटीने सहा आठवडे वाचून, विचार करून तुमचा अर्ज हातात घेतलाय. मत देण्याआधी तुम्हाला काही सांगायचं आहे का? म्हणजे... काही चुकलं असं वाटतं का?"

"हो," राहेलबाई म्हणाल्या. "चूक झाली माझ्या हातून. त्याची माफी मागायलाच आलेय."

खोलीतली हवा एकदम सैल झाली. तोरणेबाईंनी पाय लांब केले. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. वर्षभर अडलेली गोष्ट अशी एका वाक्यात सुटेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"दिलगिरी," रणनवरे म्हणाले. "लिहा, सेक्रेटरी. अर्जदाराने स्वतःहून."

मी लिहिलं.

राहेलबाईंनी वर्तमानपत्राचं पुडकं टेबलावर ठेवून उघडलं. आत छापलेल्या, घडी घातलेल्या कागदांचे चार गठ्ठे होते. प्रत्येक सोळा पानांचा.

"हे तुमच्या पुस्तकांचे पाचवे फर्मे," त्या म्हणाल्या. "पासष्ट ते ऐंशी पानं. तुमच्या प्रतींत ती नाहीत. त्या आठवड्यात प्रेसमध्ये कुक्कुटपालनाची पुस्तिकापण होती बांधायला. आकार तोच, टाइप तोच, आणि दोन्हीच्या पाचव्या फर्म्यावर पासष्टपासून आकडे. त्या दिवशी सुचेताचं पत्र आलं होतं. मुलगी झाली तिला. माझे डोळे जागेवर नव्हते. दहा प्रतींत कोंबड्यांचा फर्मा शिवला गेला. संध्याकाळी ध्यानात आलं, पण तोवर वरच्या चार प्रती पाळकसाहेब तुमच्यासाठी घेऊन गेले होते. बाकीच्या सहा मी उसवून पुन्हा बांधल्या."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मग सांगायचं नाही का, बाई?" ओहोळ म्हणाले. त्यांचा आवाज मॅनेजरचा नव्हता.

"सांगायला आले होते, साहेब. सोमवारीच. मी म्हटलं, त्या पुस्तकाविषयी बोलायचंय. तुम्ही म्हणालात, प्रकरण चालू आहे, त्या पुस्तकाविषयी एक अक्षर नको. पारधे सरांना फाटकाशी सांगायला गेले. ते म्हणाले, नियम चौदा. म्हटलं, ठीक आहे. चौघं रोज वाचतायत. पासष्टाव्या पानावर आले की कोणीतरी तक्रार घेऊन येईलच. मग ऐकून घेऊ बोलणं. सहा आठवडे वाट बघितली."

त्यांनी एकेक गठ्ठा आमच्या एकेक पुस्तकाजवळ ठेवला. पत्ते वाटावेत तसा, पण सावकाश.

"आज रात्री द्याल तर उसवून नीट करून देते," त्या म्हणाल्या. "चूक माझीच आहे. लग्नाच्या सहीचं म्हणाल तर ती चूक नाही. तिची माफी मागून खोटं बोलायला लागेल."

मी माझं पुस्तक उघडलं. पान पासष्ट. वरच्या बाजूला चित्र होतं, खुराड्याचं. बाजू, उंची, जाळीची भोकं, सगळं व्यवस्थित. माझ्या डाव्या हाताला मी दहा मिनिटांपूर्वी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: 'श्री. पारधे ह्यांना कोंबड्यांचा दृष्टान्त विशेष भावला. श्री. ओहोळ व श्रीमती तोरणे सहमत.'

तोरणेबाई आधी हसल्या. हसणं म्हणजे नाकातून एक आवाज आला आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी अठराव्या पानापुढे गेले नाही," त्या पदरातून म्हणाल्या. "थर्मामीटर सहा आठवडे तिथंच आहे."

"प्रुफं टाइप जुळवणारा जुळारी बघतो, मी नाही," ओहोळ भिंतीकडे बघत म्हणाले.

"मी बारा पानं वाचली," मी म्हणालो. "दोनदा. कोंबड्यांचं बायकोने सांगितलं."

आता रणनवरे. ते सहा आठवडे ताठ बसले होते, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. मला खरंच वाटत होतं की हा माणूस वाचणारा, आणि कोंबड्या बघूनही शिस्त म्हणून गप्प राहिला असणार.

"मला दिसत नाही," रणनवरे म्हणाले.

"काय दिसत नाही, दादा?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"अक्षर. दिवाळीपासून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तोरणेबाईंना माहीत नाही, मी दवाखान्यात गेलोच नाही." ते थांबले. "नियमावली पाठ आहे, त्यामुळे अडलं नाही. पुस्तक पाठ नव्हतं."

"मग रोज संध्याकाळी...?" मी विचारलं.

"सात ते आठ बसायचं ठरलं होतं. बसलो."

रणनवऱ्यांनी समोरचा कागदांचा गठ्ठा चाचपडून उचलला आणि आवाजाच्या दिशेने पुढे केला.

"राहेलबाई, वाचा," ते म्हणाले. "सोळा पानं आहेत ना? बसा आणि वाचा."

मी खुर्ची दिली. राहेलबाई बसल्या, चष्मा लावला आणि वाचू लागल्या. पंचवीस वर्षं छापील मजकूर हाताखालून गेलेल्या बाईचं वाचन होतं ते. अडखळणं नाही, सूर नाही. पाऊण तास लागला. त्या सोळा पानांत काय होतं ते मी इथे सांगत नाही. ज्याला हवं त्याने संध्याकाळी वेळ काढावा.

वाचून झाल्यावर रणनवरे म्हणाले, "नियम सतरा. कमिटीपुढे खोटं निवेदन करणारा सभासद, मग तो कमिटीचा असला तरी, लेखी दिलगिरी मंजूर होईपर्यंत शिस्तीखाली राहील. लिहा, सेक्रेटरी. रणनवरे, ओहोळ, तोरणे, पारधे."

"दादा, उद्या ईस्टर आहे!" ओहोळ म्हणाले.

"मला तारीख माहीत आहे."

"आणि पाळकसाहेब? कोंबडी आणि पिल्लं?" ओहोळांनी विचारलं.

"पाळकसाहेबांनी पुस्तक वाचलं असं निवेदन केलं नाही. ते मान डोलवत होते. मान डोलवण्याला नियम नाही."

"मी मूळ इंग्रजी वाचलंय," पाळकसाहेब घाईने म्हणाले. "सेमिनरीत. तीस वर्षं झाली."

मी चार नावं लिहिली. माझं शेवटी. अक्षर तेवढं चांगलं आलं नाही.

"आणि राहेलबाईंचा अर्ज?" मी विचारलं.

"शिस्तीखालच्या माणसाला दुसऱ्याच्या शिस्तीवर मत देता येत नाही," रणनवरे म्हणाले. "अर्ज आमच्यापुढे नाही."

"मग कोणापुढे आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"ते नियमांत नाही."

पाळकसाहेबांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. त्यांच्या सगळ्या नोकरीत नियम पहिल्यांदाच संपले होते. राहेलबाईंनी चष्मा काढला, चार पुस्तकं आणि चार गठ्ठे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि त्या निघाल्या. त्यांना काय मिळालं आणि काय नाही, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हालाही सांगता आलं नसतं.

घरी येऊन मी दीनाला सगळं सांगितलं. ती अंडी रंगवत होती, ईस्टरसाठी. भरपूर अंडी होती. "मला वाटलं त्या मिशनरी बाईंना कोंबड्यांची आवड असेल," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "उद्या पांढरा शर्टच घाला. मागे बसलात तरी ईस्टर आहे."

ईस्टरला आमचं चर्च तुडुंब भरतं. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेलेही येतात. तरी एक गोष्ट कधी बदलत नाही. पहिला बाक रिकामा असतो. पाळकाच्या इतक्या जवळ बसायला कोणाला आवडत नाही. दाराशी उभे राहतील, खिडकीत बसतील, पण पुढे जाणार नाहीत.

आम्ही चौघं आधीच येऊन शेवटच्या बाकावर बसलो होतो. घंटेच्या दोराकडून रणनवरे, मग मी, मग ओहोळ, मग खांबाला टेकून तोरणेबाई. सगळी मंडळी मान वळवून बघत होती. कोणाला काही माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दीना मुलांना घेऊन मध्यावर बसली होती. तिने एकदाच मागे बघितलं आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट करायची खूण केली.

घंटा झाली. राहेलबाई आईला घेऊन दारातून आत आल्या आणि सवयीने डावीकडे वळल्या. आम्हाला बघून थांबल्या. सोनाबाईने हाताने बाकाची पाठ चाचपली, बसायला म्हणून. तिचा हात तोरणेबाईंच्या खांद्याला लागला.

"राहेल, बसाया जागा न्हाई का?"

"नाही, आई. बाक भरलाय."

"भरलाय?" म्हातारीला ते पटेना. वर्षभर तो बाक त्यांचाच होता. "मग कुठं हाय जागा?"

राहेलबाईंनी चर्चभर नजर फिरवली. "पुढच्या बाकावर आहे."

"मग पुढं चल की."

त्या निघाल्या. मधली वाट लांब आहे, आणि सोनाबाईची काठी प्रत्येक पावलाला आधी टेकायची, मग पाय उचलायचा. पेटीवाल्याने गीत संपवलं, त्या पोचल्या नव्हत्या. त्याने पहिलं कडवं पुन्हा घेतलं. पहिल्या बाकावर त्या दोघीच बसल्या.

प्रभुभोजनाला आमच्याकडे पुढचा बाक आधी उठतो. पाळकसाहेब मेजामागे भाकरीचं ताट हातात घेऊन उभे होते. त्यांनी समोर बघितलं आणि मग मान उचलून थेट शेवटच्या बाकाकडे, आमच्याकडे बघितलं. हरकत घेण्याचा अधिकार असलेले चौघं तिथे ओळीने बसले होते, आणि चौघांनाही अधिकार नव्हता.

रणनवऱ्यांचे डोळे पुढे लागले होते. त्यांना काही दिसत नव्हतं.

"पारधे," ते कुजबुजले. "कुठे गेल्या?"

"पुढे."

"कुठवर?"

"मेजापर्यंत. गुडघे टेकलेत दोघींनी. आईचा हात धरलाय."

"आणि पाळकसाहेब?"

"उभे आहेत."

"अजून उभेच?"

"उभेच आहेत, दादा." मी बघत राहिलो. पाळकसाहेबांनी ताट डाव्या हातात घेतलं आणि ते खाली वाकले. आधी म्हातारीपुढे. मग तितकंच राहेलबाईंपुढे. "दिलं."

"कोणाला?"

"दोघींना."

रणनवऱ्यांनी मान हलवली, एकदाच, कोर्टात एखादा कागद दाखल झाला की हलवत असतील तशी.

"लिहून ठेवा, सेक्रेटरी," ते म्हणाले.

मी खिसे चाचपले. पांढऱ्या शर्टाला पेन लावायचं राहून गेलं होतं, आणि शिस्तीखालच्या माणसाला तसंही इतिवृत्त लिहिता येत नाही. त्यामुळे मंडळीच्या वहीत त्या वर्षीच्या ईस्टरची नोंदच नाही. ती आज केली.